अथेन्सची मूळ मॅरेथॉन: तयारी चढाची आणि शहराची

परदेशात मॅरेथॉन धावायचे मनात आले की आपल्याकडचे धावपटू आधी बर्लिन, लंडन, शिकागोची चौकशी करतात. सपाट रस्ता, चांगली वेळ निघण्याची शक्यता आणि मोठे नाव, ही कारणे समजण्यासारखी आहेत. तरीही परदेशात एकच मॅरेथॉन धावणे जमणार असेल, तर ती अथेन्सची धावा असे मी आग्रहाने सांगेन. इतर शहरांत शर्यत एका दिवशी होते आणि शहर दुसऱ्या दिवशी पाहायचे असते. अथेन्समध्ये ज्या रस्त्यावर तुम्ही धावता, तोच त्या शहरातला पाहण्याजोगा पहिला ऐतिहासिक ठेवा आहे. मॅरेथॉन हे समुद्राजवळचे एक गाव आहे. तिथून निघून ४२.१९५ किलोमीटर धावत अथेन्सच्या संगमरवरी पॅनाथेनेइक स्टेडियमपर्यंत जायचे.

मात्र हा रस्ता सोपा नाही आणि नोव्हेंबरमधली तारीख आपल्या सणावारांशी टक्कर घेते. त्यामुळे सगळी आखणी लवकर आणि नीट करावी लागते.

रस्त्याची गोष्ट आधी वाचून जा

इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्स आणि प्लाटिया या नगरांच्या सैन्याने पर्शियन सैन्याचा पराभव केला. विजयाची बातमी देण्यासाठी फिडिपिडीस धावत अथेन्सला आला आणि बातमी सांगून कोसळला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण लढाईनंतर काही दशकांतच लिहिणाऱ्या हेरोडोटसच्या इतिहासात ती नाही. त्याने सांगितलेला धावपटू लढाईआधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला. ते अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे आणि तो दुसऱ्या दिवशी तिथे पोचला. मॅरेथॉन ते अथेन्स ही दौड प्लुटार्क आणि लुशियन या कितीतरी शतकांनंतरच्या लेखकांकडे सापडते.

हेरोडोटस आणखी एक गोष्ट सांगतो आणि धावपटूने तीच मनात ठेवावी. हरलेले पर्शियन आरमार सुनियन भूशिराला वळसा घालून अथेन्सच्या फालेरॉन किनाऱ्याकडे निघाले. शहरात सैन्य नव्हते. म्हणून लढून थकलेले सैन्य तातडीने अथेन्सकडे परतले आणि जहाजांच्या आधी पोचले. म्हणजे एकटा दूत धावला असो वा नसो, मॅरेथॉनहून अथेन्सकडे घाईने निघालेले हजारो सैनिक हेरोडोटसने नोंदवलेले आहेत.

शर्यतीची कल्पना मात्र आधुनिक आहे. मिशेल ब्रेआल या फ्रेंच विद्वानाने ती ऑलिंपिकचे पुनरुज्जीवन करणाऱ्या कुबेर्तांना सुचवली आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ती धावली गेली. मारूसी गावचा पाणक्या स्पिरिडॉन लुईस २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकला. तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. आजचे ४२.१९५ किलोमीटर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ मध्ये कायम झाले. १८९६ च्या पुरुषांच्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी स्टामाटा रेविथी या महिलेने तेच अंतर एकटीने, सुमारे साडेपाच तासांत पार केले. स्टेडियमचे दार मात्र तिच्यासाठी उघडले गेले नाही.

आजची अथेन्स मॅरेथॉन ग्रिगोरिस लांब्राकिस यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. ते डॉक्टर, लांब उडीचे खेळाडू आणि खासदार होते. एप्रिल १९६३ मध्ये सरकारने मॅरेथॉन ते अथेन्स शांतिमोर्चावर बंदी घातली, तेव्हा खासदार म्हणून अटकेपासून संरक्षण असलेले लांब्राकिस एकटे चालत निघाले. पुढच्याच महिन्यात त्यांची हत्या झाली.

नोंदणी, व्हिसा आणि दिवाळी

शर्यत नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असते. २०२६ मध्ये तो दिवस ८ नोव्हेंबर आहे आणि लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी आहे. इतर वर्षीही दिवाळी थोडी मागेपुढे असतेच. त्यामुळे घरच्यांशी आधी बोला. सणाच्या आठवड्यात विमानाचे तिकीट महागते आणि ऑफिसात रजेसाठी झुंबड उडते, याचाही हिशेब धरा.

नोंदणी ऑनलाइन होते. जागा मर्यादित असतात, म्हणून ती सुरू होताच उरकून घ्या. प्रवेश शुल्क परत मिळते का, प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, हे नियम पैसे भरण्याआधी वाचा.

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. मे ते ऑगस्ट या काळात युरोपला जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून अपॉइंटमेंट जून-जुलैतच मिळवण्याच्या मागे लागा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. प्रवास विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३० हजार युरोंचे लागते. पॉलिसी घेताना मॅरेथॉनसारख्या शर्यतीत झालेली दुखापत तिच्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. अर्जाला शर्यतीच्या नोंदणीची पावती जोडा, म्हणजे प्रवासाचे कारण स्पष्ट होते. इटली किंवा फ्रान्स जोडायचा विचार असेल तर जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. म्हणून ग्रीसमधला मुक्काम सर्वांत मोठा ठेवा.

पावसाळ्यात चढाचा सराव

मॅरेथॉन गाव समुद्रसपाटीजवळ आहे आणि अथेन्स डोंगरांच्या पलीकडे. उत्तरेला पेंटेली, दक्षिणेला हिमेटस आणि दोहोंच्या मधल्या खिंडीतून रस्ता शहरात उतरतो. म्हणूनच शर्यतीचे तीन सरळ भाग पडतात. पहिले दहा किलोमीटर जवळजवळ सपाट. दहा ते एकतीस हा चढाचा पट्टा, त्यात अधूनमधून छोटे उतार. स्टाव्रोसजवळ एकतिसाव्या किलोमीटरच्या आसपास रस्ता सुमारे अडीचशे मीटर उंचीवर पोचतो. तिथून स्टेडियमपर्यंत बहुतेक उतार.

चढ कुठेही छातीवर येणारा नाही, पण तो संपत नाही. सिंहगडासारखा खडा चढ धावून त्याची तयारी होत नाही. हवा तो मंद आणि लांबलचक घाट. पुणेकरांना जुना कात्रज घाट आहे. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरी लेण्यांचा रस्ता आणि ठाण्याचे येऊर आहे. कोल्हापूरकरांना जोतिबाची वाट आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाट चढून उतरते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते, त्यामुळे अथेन्सच्या वेळापत्रकात ती चपखल बसते. आधी चढ आणि मग उतार हा क्रमही तोच.

सोळा ते अठरा आठवड्यांचा आराखडा धरला तर सराव जुलैत, ऐन पावसात सुरू होतो. आठवड्यातून एकदा मध्यम चढावर तीन ते पाच किलोमीटर सलग, बोलता येईल अशा वेगाने धावा. दर दोन-तीन आठवड्यांनी लाँग रन असा आखा की शेवटचे सहा-आठ किलोमीटर उताराचे येतील. अथेन्समध्ये भल्याभल्यांचे पाय चढावर टिकतात आणि उतारावर मोडतात. तीस किलोमीटरनंतर उतरताना प्रत्येक पावलाचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पडतो आणि सराव नसेल तर तिथेच पेटके येतात. स्क्वॉट, लंजेस आणि पायरीवरून सावकाश उतरण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करा. घाटात धावताना वाहनांकडे तोंड करून रस्त्याच्या कडेने, भडक कपड्यांत आणि शक्यतो जोडीने धावा.

मॅरेथॉनशी आपला संबंधही जुना आहे. बेळगावचे फडेप्पा चौगुले पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकारातून निवडले गेले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. घाटमाथ्याच्या आसपास सराव करणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावे.

सामान आणि जेवण

शर्यतीचे बूट, मोजे आणि कपडे केबिन बॅगेतच ठेवा. एनर्जी जेल विमानतळावर द्रव पदार्थ म्हणून मोजली जातात, म्हणून मोठा साठा चेक-इन सामानात टाका. नोव्हेंबरमध्ये अथेन्सचे दिवसाचे तापमान साधारण अठरा-एकोणीस अंशांपर्यंत जाते, पहाटे अकरा-बारा असते आणि पाऊसही येतो. काही वर्षी ऊनही चांगलेच असते. त्यामुळे टोपी, पातळ विंडचीटर आणि सुरुवातीला घालून टाकून देता येईल असा जुना स्वेटशर्ट, तिन्ही न्या. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात ठेवा. कोडीन असलेल्या गोळ्यांबाबत ग्रीसचे नियम कडक आहेत, त्या नेऊच नका.

खाऊ नेताना एक नियम पाळा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. दिवाळी असली तरी पेढे, बर्फी, पनीर घरी राहू द्या. खाकरा, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, खजूर यांनी भागते.

शाकाहारी माणसाची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. फासोलादा म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे गरम सूप, गेमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, स्पानाकोपिता म्हणजे पालक आणि चीज भरलेले खुसखुशीत पदर. चौकाचौकांत हातगाडीवर तिळाची कडी, कुलुरी, मिळते. सकाळच्या हलक्या धावेनंतर ती आणि चक्क्यासारखे घट्ट दही मधाबरोबर खाल्ले की काम होते. मांस, अंडी, दूध सगळेच टाळायचे असेल तर ‘निस्टिसिमो’ म्हणा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाला चालणाऱ्या पदार्थांना हा शब्द आहे. त्या उपवासाला शिंपले आणि कोळंबी चालते, तेवढे वेगळे विचारा. आदल्या रात्री मात्र नवे काही चाखू नका. साधा पास्ता किंवा भात आणि वेळेवर झोप.

शर्यतीआधीचे दिवस

मुंबईहून आखाती शहरांतून किंवा इस्तंबूलमार्गे बुधवारी पोचता आले तर उत्तम. नोव्हेंबरमध्ये अथेन्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हा फरक आपल्या फायद्याचा आहे. तिथले पहाटेचे साडेचार म्हणजे आपले सकाळचे आठ. शर्यतीच्या दिवशी लवकर उठणे जड जात नाही. घड्याळ बदलण्याचा फारसा खटाटोप न करता रात्री लवकर झोपा. विमानतळावरून मेट्रोची तिसरी मार्गिका थेट सिंटाग्मा चौकात आणते. त्या चौकाच्या आसपास किंवा स्टेडियमजवळच्या पांग्राती भागात मुक्काम केलात तर शर्यतीच्या दिवशी धावपळ वाचते. गर्दीच्या मेट्रोत पाकीट आणि पासपोर्ट सांभाळा.

गुरुवारी सकाळी अॅक्रोपोलिस पाहून घ्या. तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते, म्हणून ते आधी काढा आणि पहिली वेळ घ्या. पायऱ्या आणि खडक शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत, म्हणून पकड असलेले बूट घाला. पार्थेनॉन इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात पेंटेलीच्या संगमरवरातून उभे राहिले. ते पाहून झाले की पूर्वेच्या कठड्याशी जा. उजवीकडे हिमेटसची लांब पाठ दिसते, डावीकडे पेंटेलीचा शंकू आणि मधे खाली आलेली कड. तीच खिंड. रविवारी तुम्ही तिथून शहरात उतरणार आहात. नकाशावर कितीही अभ्यास केला तरी इथे पाच मिनिटे उभे राहिल्यावर चढ नेमका कुठे संपतो, हे कायमचे डोक्यात बसते.

शुक्रवारी बिब घेऊन या. शर्यतीच्या दिवशी ते मिळत नाही. दुपारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दोन तास पुरेत. तिथे ‘मॅरेथॉनचा तरुण’ हा ब्राँझचा पुतळा आवर्जून पाहा. तो १९२५ मध्ये मॅरेथॉनच्या उपसागरात कोळ्यांच्या जाळ्यात सापडला. एक हात वर उचललेला, वजन एका पायावर आणि दुसरी टाच किंचित सुटलेली. शनिवारी सकाळी नॅशनल गार्डनमध्ये वीस मिनिटे हलके धावा आणि उरलेला दिवस पाय वर करून वाचा.

शर्यतीचा दिवस

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास शहरातून आयोजकांच्या बस मॅरेथॉनकडे निघतात. पुढे रस्ते बंद होत असल्याने हाच भरवशाचा मार्ग आहे. पहिल्या बसगाड्यांपैकी एक पकडा. शर्यत नऊला सुटते, म्हणजे तिथे बराच वेळ थांबावे लागते. बसायला प्लास्टिकचा कागद, जुना स्वेटशर्ट आणि सवयीचा नाश्ता सोबत ठेवा. सामानाची पिशवी तिथे दिली की ती स्टेडियमला पोचवली जाते.

पाचव्या किलोमीटरच्या आसपास रस्ता मुख्य मार्ग सोडून मृतांच्या समाधिटेकडीला वळसा घालतो. सुमारे नऊ मीटर उंचीच्या त्या मातीच्या टेकाडाखाली १९२ अथेन्सवासी योद्धे पुरलेले आहेत. या वळणावर वेग वाढवण्याचा मोह आवरा आणि टेकाडाकडे पाहा. पुढे नेआ माक्री आणि माती ही गावे लागतात. माती आणि आसपासच्या भागात जुलै २०१८ च्या वणव्यात शंभराहून अधिक माणसे मरण पावली. तरीही रस्त्याकडेला माणसे उभी असतात. म्हाताऱ्या बायका ऑलिव्हच्या डहाळ्या हातात देतात. त्या घ्या, टोपीत किंवा बिबच्या पिनेत खोचा. ‘ब्राव्हो’ ऐकू येईल, उत्तर म्हणून ‘एफ्खारिस्तो’ म्हणजे आभार एवढे म्हटले तरी चेहरे फुलतात.

वेगाचा नियम साधा आहे. सपाट मॅरेथॉनमधल्या तुमच्या वेळेत दहा ते पंधरा मिनिटे धरूनच लक्ष्य ठेवा. पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा थोडे सावकाश जा. चढावर घड्याळातला वेग विसरा आणि श्वास सारखा ठेवा. पिकेर्मी ते स्टाव्रोस हा पट्टा सर्वांत कठीण, तिथे जेल आणि पाणी चुकवू नका. खिंड ओलांडल्यावर पावले लहान आणि जलद टाका, टाचेवर ब्रेक मारू नका. शर्यतीला आठ तासांची मुदत असल्याने चालत-धावत पूर्ण करणाऱ्यालाही जागा आहे.

शेवटच्या टप्प्यात काचेच्या पट्ट्यांतून घडवलेला धावपटूचा भव्य पुतळा दिसतो आणि मग हेरोडेस अॅटिकस मार्गाचा उतार थेट स्टेडियमकडे नेतो. हा हेरोडेस दुसऱ्या शतकातला धनाढ्य दाता होता. त्यानेच हे स्टेडियम संगमरवराने मढवले आणि तो जन्माने मॅरेथॉनचा होता. म्हणजे त्याच्या गावातून निघून तुम्ही त्याने मढवून दिलेल्या स्टेडियमात पोचता.

सोबत आलेल्यांसाठी

घरच्यांना दिवसभर ताटकळत ठेवू नका. याच सप्ताहान्ताला पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती शहरात होतात, त्यांची नोंदणी करून द्या. तुमची शर्यत पाहायची तर मेट्रोची तिसरी मार्गिका कामी येते, कारण शेवटचे अकरा किलोमीटर शर्यत तिच्याच वरून धावते. त्यांनी आधी आगिया पारास्केवी स्थानकावर उतरावे. तुम्ही तिथे चढ संपवून येता आणि ओळखीच्या हाकेची गरज तिथेच सर्वाधिक असते. मग मेट्रोने एव्हांगेलिस्मोसला यावे आणि चालत स्टेडियम गाठावे.

शर्यतीनंतर शहर वाचा

सोमवारी पायऱ्या नकोत. अॅक्रोपोलिस संग्रहालयात लिफ्ट आहे आणि काचेच्या जमिनीखाली जुनी वस्ती दिसते. तिथे मॅरेथॉनच्या लढाईत पडलेल्या सेनापती कॅलिमाखसच्या स्मरणार्थ अर्पण केलेली नायकी या विजयदेवतेची मूर्ती शोधा. दुपारी प्राचीन अगोरा हळूहळू फिरा. मंगळवारी पॅनाथेनेइक स्टेडियममध्ये परत जा. १८९६ साठी त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हा खर्च जॉर्ज अॅव्हेरॉफ यांनी उचलला. आत ऑलिंपिक मशालींचे संग्रहालय आहे. दिवस शिल्लक असेल तर बसने सुनियनला जा. ज्या भूशिराला पर्शियन आरमाराने वळसा घातला, तिथे पोसायडनचे मंदिर उभे आहे. पायांना विश्रांती आणि लढाईच्या गोष्टीचा राहिलेला दुवा, दोन्ही मिळतात.

ही शर्यत पहिली मॅरेथॉन म्हणून निवडू नका. आपल्याकडे एक पूर्ण मॅरेथॉन आणि एक घाटातली हाफ धावून मग इथे या. वैयक्तिक सर्वोत्तम वेळेची अपेक्षा वेगळ्या शर्यतीसाठी ठेवा. हे मान्य असेल तर आजच दोन कामे करा. पासपोर्टची वैधता तपासा आणि येत्या रविवारचा लाँग रन सपाट रस्त्यावरून जवळच्या घाटात हलवा. बाकीची तयारी या दोन गोष्टींच्या मागोमाग होत जाते.